चिंचखेडा स्टेशनातला लोखंडी गोळा

लिहायला बसलो खरा, पण आधी माफी मागतो. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी जुन्या विद्यार्थ्यांनी प्रवासवर्णन पाठवावं, असं पत्र आलं. माझ्या बरोबरीचे लोक आता मोठमोठ्या ठिकाणी जाऊन येतात. मी जे सांगणार आहे तो मीटरगेजच्या पॅसेंजरने केलेला चार दिवसांचा प्रवास आहे, आणि त्यात पाहण्यासारखं एकही ठिकाण नाही. शिवाय आमच्या घरात माझ्याआधी कुणी शाळेची पायरी चढलेलं नाही. पाचोडजवळच्या वस्तीवर आम्ही मेंढरं राखणारे. त्यामुळे चार लोकांनी वाचावं असं काही लिहायची सवय नाही. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हा प्रवास मी एकट्याने केला नाही. सोबत होता रतन सखाराम साळवे. नाव पूर्ण लिहितो आहे, कारण जिथं ते लिहायला हवं होतं तिथं मी लिहिलं नाही.

निघायचं कारण

आम्ही दोघं इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होतो. चिकलठाण्यात तेव्हा महिन्याला एखादी नवी शेड उभी राहत होती. त्यातल्या एका कारखान्याने आमच्या सरांना काम दिलं होतं आणि सरांनी ते आम्हाला प्रोजेक्ट म्हणून दिलं. पत्रा दाबणारा प्रेस एका बोर्डाच्या हुकमात, पत्रा पुढं सरकवणारा पट्टा दुसऱ्या बोर्डाच्या हुकमात. दोन्ही बोर्डांना मेमरी मात्र एकच. दोघांनी एकदम तिच्यात हात घातला की आकडे बिघडायचे. म्हणून एका वेळी एकानेच आत जायचं, एवढी व्यवस्था आम्हाला करायची होती.

केली. दोन दोन तास सगळं नीट चालायचं आणि मग दोन्ही बोर्ड गप्प. जळालेलं काही नाही, सुटलेली तार नाही. आम्ही तपासायला हात लावला की पुन्हा सुरू. रतन म्हणायचा, "म्हाळू, ह्याला दृष्ट लागलीय. लिंबू बांधू का?"

सरांनी अशा कामासाठी एक पद्धत शिकवली होती. कागदावर गोल काढायचे. एकेक गोल म्हणजे एकेक अवस्था. 'प्रेस थांबलाय' हा एक गोल, 'मेमरी मोकळी आहे' हा दुसरा. गोलांच्या मधे आडव्या रेघा. रेघ म्हणजे घडणारी गोष्ट. रेघेकडे येणाऱ्या सगळ्या गोलांत ठिपका असेल तरच ती गोष्ट घडते, आणि मग ठिपके पुढच्या गोलांत जातात. सगळ्या आकृतीला सर जाळं म्हणत. "एका वेळी एकच गोष्ट घडत असेल तर डोकं पुरतं," ते सांगत. "दोन गोष्टी एकदम घडायला लागल्या की डोक्यावर विश्वास ठेवू नका, कागदावर ठेवा." ठिपके खोडून खोडून आमचा कागद फाटायचा. मग रतनने खिशात ज्वारीचे दाणे आणले आणि ठिपक्याच्या जागी दाणा ठेवायला सुरुवात केली. ही युक्ती त्याची. पुढं पूर्ण वर्गाने उचलली.

जाळं मांडूनही आम्हाला चूक सापडेना. तेव्हा रतन म्हणाला, "आमच्या बाबांच्या स्टेशनात एक पेटी आहे. एका रुळावर समोरासमोर दोन गाड्या येऊ देत नाही. पन्नास वर्षांत एकदाही अडकली नाही म्हणतात. बघायची का?"

त्याचे वडील सखारामकाका जालन्याच्या पुढं चिंचखेडा नावाच्या बारक्या स्टेशनात पॉइंटमन होते, रुळांचे सांधे बदलणारे. सरांनी चार दिवसांची रजा दिली आणि बजावलं, "रिपोर्टवर दोघांची नावं येणार आहेत, तेव्हा दोघांनी बघा. एकाने बघून दुसऱ्याला सांगू नका."

पहिला दिवस: चिंचखेडा

गाडीबद्दल फार लिहीत नाही. लाकडी बाकं, डोळ्यांत कोळशाची कणी, आणि डब्यात शेजारी बसलेली एक बाई, जिने आम्हाला जालन्यापर्यंत भुईमुगाच्या शेंगा दिल्या आणि प्रत्येक मुठीमागे एकेक प्रश्न विचारला. कुठले? काय शिकता? पगार किती मिळंल? रतनला तिने आडनाव विचारलं. त्याने सांगितलं. त्यानंतर शेंगा एकट्या माझ्याच हातात येऊ लागल्या. रतन खिडकीबाहेर बघत होता. मी माझ्यातल्या अर्ध्या त्याच्या मांडीवर ठेवल्या. तो म्हणाला, "खा तू. मला खोकला आहे." खोकला त्याला नव्हता.

चिंचखेडा म्हणजे एक फलाट, दोन चिंचा, पाण्याची टाकी आणि चार क्वार्टर. उतरलो तेव्हा काका हिरवं निशाण गुंडाळत होते. लांब हाताचा, वाळका माणूस. रतनकडे त्यांनी नुसतं पाहिलं आणि मला म्हणाले, "तुमीच का ते म्हाळू? रतन पत्रात लई लिहितो तुमच्याबद्दल."

"काका, अहो-जाहो नका करू."

"कालेजातल्या पोराला अरं कसं म्हणावं? आमाला सहीपुरतं येतं बाबा."

घरात रतनच्या आईने, मावशींनी, पितळी तांब्यातून पाणी पुढं केलं. इथं एक गोष्ट लिहायला हवी. आमच्या वस्तीवर साळव्यांसारख्या घरी पाणी पीत नसत. निघताना आईने मला स्पष्ट काही सांगितलं नव्हतं, नुसतं "खायचं बघून खा" एवढंच म्हणाली होती, आणि त्याचा अर्थ मला ठाऊक होता. माझा हात तांब्यापाशी थांबला. फार नाही, एखादा श्वास. मग मी घटाघटा प्यायलो, जरा जास्तच प्यायलो. मावशींच्या ध्यानात आलं की नाही माहीत नाही. रतनच्या आलं. तो म्हणाला, "हळू पी, ठसका लागंल."

जेवायला भाकरी, आंबाडीची भाजी आणि वर लसणाची कच्ची फोडणी. आमच्या घरी आंबाडीत चण्याची डाळ घालतात, मावशींनी ज्वारीच्या कण्या घातल्या होत्या. मी तीन भाकरी खाल्ल्या. आईला हे अजून सांगितलेलं नाही.

दुसरा दिवस: पेटी

स्टेशनमास्तर निझामाबादकडचे होते. आम्हाला आत घेतलं आणि पहिलंच वाक्य बोलले, "देखने का, हात नक्को लगाना. हात लगाया तो मेरी नौकरी जाती, तुम्हारा प्रोजेक्ट रहता."

पेटी छातीएवढी उंच, लोखंडी, वर घंटा. तशीच दुसरी पेटी पुढच्या स्टेशनात, आणि दोन्ही तारेने जोडलेल्या. मागच्या स्टेशनासाठी अशीच एक वेगळी जोडी. दोन्हींच्या पोटात लोखंडी गोळे. पेरूएवढे. गाडी पुढं पाठवायची तर मास्तर घंटा वाजवून पुढच्या मास्तरला विचारतात. त्याने तिकडून दांडा फिरवून हो म्हटलं तरच इकडच्या पेटीतून एक गोळा बाहेर पडतो. तो चामड्याच्या थैलीत घालून, थैली वेताच्या मोठ्या कडीला अडकवून ड्रायव्हरच्या हातात. हातात गोळा नसेल तर ड्रायव्हर गाडी हलवत नाही. आणि एकदा एक गोळा बाहेर पडला की तो कुठल्यातरी पेटीत परत जाईपर्यंत दोन्हीकडून दुसरा गोळा निघतच नाही. दांडा फिरवून पाहा, ओढून पाहा, निघत नाही.

मी फलाटावर बसून जाळं काढलं. दोन स्टेशनांचे दोन गोल, मधल्या रुळाचा एक, आणि एक दाणा. गाडी गेली, दाणा पलीकडे. गाडी आली, दाणा अलीकडे. मला वाटलं, झालं. आमच्या बोर्डांत आम्ही हेच तर केलं होतं.

काका उकिडवे बसून बघत होते. "ह्यो एकच दाना?"

"हो काका. एका वेळी रुळावर एकच गाडी ना."

"आन मंग हिकडनं लागोपाठ दोन गाड्या तिकडं सोडायच्या आसत्या तर?"

मी दाणा पलीकडे सरकवला. अलीकडचा गोल रिकामा. दुसरी गाडी उभी. पलीकडे दाणा आहे, पण तिकडे गाडी नाही. आणि रूळ मोकळा.

"म्हंजी गोळा आनाया मी पायी जायाचं का? सात मैल?" काका हसले. रतन तर लोळायलाच लागला. "म्हनून तर दोनी पेट्यांत लई गोळे भरल्यात. गोळा कुनाकडं हाय ते बघायचंच नाय. भाईर एखादा हाय का, एवढंच बघायचं."

मी त्या एका दाण्याकडे पाहत राहिलो, आणि मला आमच्या वस्तीवरचा हौद दिसला.

आमच्याकडे हौद एक आणि मेंढरं दोन घरांची. एक पाळी चुलत्यांची, एक आमची. पाळी मोडायची नाही. चुलते कळप घेऊन लांब चरायला गेले तरी पाळी त्यांचीच राहायची. त्यांच्या घरातली म्हातारी यायची, काठीचं टोक पाण्यात बुडवायची आणि "झालं आमचं" म्हणायची, तेव्हा कुठं माझा बाप मेंढरं सोडायचा. एकदा म्हातारी लेकीकडे राहिली. ऊन डोक्यावर आलं तरी बाप हौदाशी उभा, मागं दीडशे मेंढरं माना खाली घालून, आणि समोर पाणी भरलेलं. आई ओरडली तर म्हणाला, "पाळी त्यांची हाय."

बोर्डांना मी तेच शिकवलं होतं. एक पाळी प्रेसची, एक पट्ट्याची. पत्रा संपला की पट्ट्याला मेमरीचं काही कामच उरत नाही, पण पाळी त्याच्याकडे. प्रेसला नवा पत्रा मागायचा असतो, पण मागणी मेमरीत लिहायची तर पाळी नाही. पट्टा मागणीची वाट बघतोय, प्रेस पाळीची. आणि मेमरी रिकामी. मी हे रतनला सांगितलं तेव्हा त्याने गोलातला दाणा उचलून तळहातावर घेतला. मग म्हणाला, "आरं, तू बोर्डात तुझा बाप बसवलास की."

दुपारभर आम्ही दोघांनी जाळं नव्याने मांडलं. पाळीचा गोल काढून टाकला. 'आत कुणी आहे का' एवढा एकच गोल ठेवला, दोघांनी विचारायचा. रतन दाणे हलवत होता, मी लिहीत होतो. कुठंही अडकेना. काका येता-जाता बघत आणि मान हलवत.

तिसरा दिवस: बाभळी

हे लिहायला जड जातं.

न थांबणारी गाडी आली की काका फलाटाच्या कडेला पुढच्या टप्प्याची कडी उंच धरून उभे राहत. इंजिनातला माणूस वाकून दंडात कडी अडकवून घेई आणि मागच्या टप्प्याची कडी खाली टाकी. मी काकांना म्हणालो, "टाकलेली मी उचलू का?" काकांनी जरा विचार केला. "उचला. पर पडू द्या आधी. झेलू नगा."

गाडी धडधडत आली. कडी हवेत दिसली आणि मी हात पुढं केला. मेंढरू उधळलं की हात आपसूक पुढं जातो तसा. बोटांना फटका बसला, कडी उडाली आणि फलाटाच्या मागच्या उतारावर बाभळींत गेली. कडी सापडली. थैली उघडी होती. गोळा नव्हता.

मागच्या स्टेशनात एक मालगाडी आमच्याकडे यायला उभी होती. गाडी तर निघून गेली, रूळ मोकळा आहे, हे सगळ्यांना दिसत होतं. पण गोळा पेटीत नाही तोवर पेटीच्या लेखी गाडी अजून रुळावरच. आत घंटा वाजत होती. मास्तर दारात येऊन ओरडत होते, "अरे सखाराम, कां मर गया?" आम्ही तिघं काट्यांत गुडघ्यांवर. अर्ध्या तासाने रतनला गोळा सापडला, पाण्याच्या टाकीखालच्या चिखलात.

मास्तरांनी वही काढली. मालगाडी का थांबली ते वर लिहून कळवायचं होतं. "वो लडका खडा था ना वहां?"

"नाय साहेब," काका म्हणाले. "माझ्या हातून सुटली."

"सच बोल."

"व्हय साहेब, खरंच. माझंच नाव लिवा."

मी तिथंच उभा होतो. मास्तरांनी काकांचं नाव लिहिलं, ते मी लिहू दिलं. रतनने माझ्याकडे पाहिलंही नाही. मावशींनी माझ्या बोटांना हळद लावली.

चौथा दिवस: परत

गाडीत बसताना काका खिडकीशी आले. कडी खांद्यावर होती. मग म्हणाले, "ते तुमचं पुस्तक व्हनार म्हनं. त्याच्यावर नाव छापून येतं का?"

"येतं काका. दोघांचं."

"रतनचंबी?"

"म्हणजे काय! त्याचं आधी."

"आधी नगं. तुमचं वर, त्याचं खाली. पर येऊ द्या." एवढं बोलून ते निशाण दाखवायला गेले.

औरंगाबादला उतरलो तर रस्त्यावर रिक्षा नव्हत्या. क्रांती चौकात विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चा जमला होता. निळे झेंडे, घोषणा, बाजूला पोलिसांच्या गाड्या. रतनने पिशवी माझ्याकडे दिली. "तू येतोस?"

"रिपोर्ट लिहायला घेतो. ताजं आहे तोवर."

"बरोबर आहे," तो म्हणाला. "दाणे पिशवीत आहेत." आणि गर्दीत गेला.

संध्याकाळी कळलं की बऱ्याच जणांना धरलं, त्यात रतनही. कधी सोडतील कुणी सांगेना. मी बोर्ड नव्या जाळ्याप्रमाणे बदलले. दोन तास चाललं, दोन दिवस चाललं, आठवडा चाललं. कारखान्याचे साहेब येऊन बघून गेले आणि मला म्हणाले, पास झालास की ये.

रिपोर्ट द्यायच्या आठवड्यात विभागप्रमुखांनी बोलावलं. "साळवेची हजेरी भरत नाही. त्याचं नाव घालता येणार नाही. थांबायचं असेल तर दोघं पुढच्या वर्षी द्या. नाहीतर तू एकटा आत्ता दे." मी सरांकडे गेलो. सर खिडकीपाशी होते. म्हणाले, "तुझं तू ठरव. मी दोन्हीवर सही करीन."

घरी मी सांगून बसलो होतो की यंदा सुटतो. बापाने पंचक्रोशीत सांगितलं होतं. हे कारण म्हणून लिहीत नाही, तसं होतं म्हणून लिहितो. मुखपृष्ठावर माझं एकट्याचं नाव टाइप झालं. आभाराच्या पानावर तरी लिहिता आलं असतं, तिथं हजेरी कुणी विचारत नव्हतं. तिथं मी लिहिलं, 'रेल्वे स्थानकावरील कर्मचाऱ्यांचे आभार.' का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. कदाचित आभारात नाव घातलं तर मुखपृष्ठावर का नाही, हे उघडं पडलं असतं.

रतन सुटून प्रयोगशाळेत आला तेव्हा बांधलेली प्रत टेबलावर होती. त्याने मुखपृष्ठ पाहिलं. मधलं एक पान उघडलं, जिथं त्याने मांडलेलं जाळं होतं, माझ्या अक्षरात. मग प्रत बंद करून बोटाने कड दाबून पाहिली.

"बायंडिंग चांगलं झालंय," म्हणाला.

मी बोलायला सुरुवात केली. तो म्हणाला, "राहू दे म्हाळू, तास आहे." आणि गेला. पुढच्या वर्षी तो दुसऱ्या कुणाबरोबर प्रोजेक्ट करून पास झाला. कुठं लागला, मला कळलं नाही. पत्ता विचारायला चिंचखेड्याला जायचं मी दरवर्षी ठरवत होतो. काकांनी पुस्तक मागितलं तर काय दाखवू, म्हणून दरवर्षी गेलो नाही.

नंतर

मी त्याच कारखान्यात आहे, पुंडलिकनगरला राहतो. मधल्या काळात विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. त्या दिवशी क्रांती चौकात पेढे वाटत होते. मी सायकल धरून कडेला उभा राहिलो आणि प्रत्येक चेहरा पाहिला. एकाने माझ्या हातावर पेढा ठेवला. रतन दिसला नाही.

या हिवाळ्यात स्टेशनात पार्सल सोडवायला गेलो तर खिडकीमागे चिंचखेड्याचे मास्तर. केस पांढरे झालेले, बदली होऊन इथं आले होते. मला त्यांनी बोटावरच्या खुणेवरून ओळखलं. "वो कडी झेलनेवाला! म्हाळू ना तुम?"

मी सखारामकाकांचं विचारलं.

"रिटायर. रुंद रूळ टाकतायत ना आता, पेटी पण उचलून नेली. बेटे के पास गया वो. रतन सिग्नल में लगा है, नागपूर की तरफ." मग ते हसले. "तुम्हारा कागज लेके गया साथ में. मैंने ही पढके सुनाया था उसको."

"कुठला कागद?"

"अरे, वो तुम्हारे किताब का. रतनने मुखपृष्ठ आणून दिलं होतं ना बापाला, टाइप केलेलं. सखारामने चौकटीत लावलं, क्वार्टरच्या भिंतीवर, दारासमोर. कोई भी आया तो मेरे पास लाता, साहब पढके दिखाव. दस बार पढा होगा मैंने. पूरा याद है."

मी विचारलं, त्यावर काय होतं.

"दो नाम थे," मास्तर म्हणाले. "ऊपर तुम्हारा. नीचे उसका."